नेट काय ऱ्हायला?

आमच्या टेमघरात स्वतःचं वजन ट्रकच्या काट्यावर करणारा माणूस एकच, नामाशेठ भोईर.

रस्त्याच्या कडेला त्यांच्या मालकीचा लांबलचक लोखंडी प्लॅटफॉर्म आहे. भरलेला ट्रेलर त्यावर चढला तरी तो हूं की चूं करत नाही. दर रविवारी सकाळी नामाशेठ पायजमा-बनियनवर, चपला काढून, त्या प्लॅटफॉर्मच्या बरोब्बर मध्यावर उभे राहतात. देवाला जावं तसे. मग केबिनवरच्या लाल आकड्यांकडे मान वर करून बघतात, "ऐंशी," असं जाहीर करतात आणि समाधानानं खाली उतरतात.

आता या काट्याचं असं आहे, की तो टनांचा हिशेब करणारा काटा. दहा किलोच्या खाली बोलणं त्याला कमीपणाचं वाटतं. सत्तर, ऐंशी, नव्वद. अधलंमधलं काही नाही. त्यामुळे नामाशेठची बनियनं पोटावर वर्षागणिक आखूड होत गेली, पायजम्याची नाडी पुरेनाशी झाली, तरी काटा आपला ऐंशीवर ठाम. नाक्यावरच्या डॉक्टरांकडचा काटा काहीतरी निराळंच सांगायचा. नामाशेठ तो मानायला तयार नव्हते.

"तो कसला काटा? पाय ठेवला की डुगडुगतो," ते मला म्हणाले. "माज्या काट्यावर सरकारी शिक्का हाय, मास्तर. त्याच्या काट्यावर हाय का?"

मी शाळेत भूगोल शिकवतो. शिक्क्यापुढे काय बोलणार?

नामाशेठची ही जमीन पूर्वी भाताची. गोदामं आली, रस्ता रुंद झाला, शेजारपाजारच्यांनी जमिनी भाड्यानं दिल्या आणि गाड्या घेतल्या. नामाशेठनी काटा टाकला. पुढे काटा, मागे घर, मध्ये मोकळं आवार. बोर्डावर ‘भोईर धर्मकाटा’. नारपोलीच्या लूमवाल्यांचं सूत, पडघ्याच्या बाजूचा गोदामांचा माल, भंगार, सिमेंट, सगळं इथं तोललं जातं. रीत साधी आहे. गाडी एकदा रिकामी तोलायची, एकदा भरलेली तोलायची. भरलेल्यातून रिकामं वजा केलं की उरतो तो माल. त्याला म्हणायचं नेट. पण या साध्या रितीत एक गोम आहे. ड्रायव्हर एका वेळी गाडीत बसला आणि दुसऱ्या वेळी चहाला गेला, तर हिशेबात एक अख्खा माणूस माल म्हणून विकला जातो. म्हणून गाडी काट्यावर आली, की नामाशेठची आरोळी ठरलेली.

"उतरो भाय, उतरो! माल तोलना है, तेरे को नहीं!"

ड्रायव्हर उत्तरेचा असो की दक्षिणेचा, झोपेत असो की फोनवर, या आरोळीनं खाली उतरतोच. एकदा एका भंगारवाल्यानं तळाशी पाण्याची पिंपं दडवून गाडी आणली. नामाशेठनी गाडीभोवती एक चक्कर मारली, कान देऊन ऐकलं आणि पावती द्यायला नकार दिला. भंगारवाला हातापाया पडला. नामाशेठनी बोर्डाकडे बोट दाखवलं. "धर्म आदी लिवलाय. काटा नंतर."

खोटं वजन म्हणजे त्यांच्या लेखी जगातलं सगळ्यात मोठं पाप. बाकीची पापं ते समजून घेतात.

माणसाचा धंदा डोक्यात गेला की उतरत नाही. नामाशेठच्या डोक्यात तर काटाच गेला होता. जगात जे जे तब्येतीला चांगलं म्हणून सांगितलं जातं, ते ते हा गृहस्थ आधी काट्यावर घ्यायचा. फायदा म्हणजे भरलेली गाडी. त्यासाठी सोसायचा त्रास, धोका, कटकट म्हणजे रिकाम्या गाडीचं वजन. एकातून दुसरं वजा. आणि मग डोळे बारीक करून प्रश्न, "नेट काय ऱ्हायला?"

या प्रश्नानं माझा पहिला बळी घेतला. पन्नाशी ओलांडल्यावर मला एकाएकी आरोग्याचा झटका आला होता. पहाटे उठून मी दुधीचा रस प्यायला लागलो. एका सकाळी बाटली हातात घेऊनच काट्यावर गेलो.

"ह्यानं काय व्हतं?" नामाशेठनी विचारलं.

"हृदयाला चांगला असतो."

"कोन बोलला?"

"मोबाइलवर आलं होतं."

"बरं. भरलेली गाडी झाली. आता रिकामी सांगा. चव कशी हाय?"

"जरा कडवट."

"मिक्सर कवा लावता?"

"पहाटे."

"मंग वहिनी दिवसभर बोलतात काय तुमच्याशी?"

मी बाटलीचं झाकण घट्ट लावलं.

"तोंड कडू, घर कडू," नामाशेठ म्हणाले. "नेट काय ऱ्हायला?"

चिडून मी डॉक्टरांकडे दाद मागायला गेलो, तर त्यांनी कपाळाला हात लावला. कडवट लागणारा दुधीचा रस मुळीच पिऊ नये, तो चक्क विषारी ठरू शकतो, म्हणाले. त्या दिवसापासून नामाशेठची कॉलर ताठ आणि माझी बाटली माळ्यावर.

मात्र ते निव्वळ विघ्नसंतोषी होते असं नाही. तंबाखू त्यांनी याच हिशेबानं सोडली. तरुणपणापासूनची सवय. एक दिवस चुना मळता मळता त्यांनी फायदे मोजायला घेतले आणि हात तिथंच थांबला. "मास्तर, बोट घालून घालून शोधला. ह्या गाडीत मालच न्हाय. सगली रिकामी गाडीच हाय." त्यांनी पुडी कचऱ्यात टाकली. पुढचे काही दिवस ते भांडकुदळ झाले होते, एका ट्रकवाल्याशी टायरमधल्या हवेवरून वाद घातला होता, पण पुडीला पुन्हा हात लावला नाही. उलट काट्यावर येणाऱ्या ड्रायव्हरांचं डोकं खायला लागले. "खाली गाड़ी का भाड़ा भर रहा है तू," असं ते त्यांना सांगायचे. एकदोघांनी खरंच सोडली म्हणतात.

पण चालायचं नाही, हे मात्र त्यांनी पक्कं ठरवलं होतं. डॉक्टर म्हणायचे, रोज सकाळी चाला. नामाशेठनी चालणं काट्यावर घेतलं. फायदे त्यांनी मोकळ्या मनानं मान्य केले. हृदय, झोप, पोट साफ. मग रिकामी गाडी तोलायला घेतली. रस्त्यावरची धूळ. तोंडावर धूर सोडणारे टेंपो. खड्डे. कुत्री, त्यातही ते कान तुटलेलं. फुटपाथ आहे, पण त्यावर पानपट्टी आहे. आणि परत येताना लागणारी भूक, जी नाक्यावरच्या वड्यांच्या कढईशीच भागते.

"जाताना जालला त्याच्या दुप्पट येताना भरला," ते म्हणाले. "चालना चांगला हाय, डॉक्टर. पन तो महाबलेश्वरवाल्यांनी करावा."

डॉक्टर हसले, पण हरले नाहीत. "नामाशेठ, धोका दिसला की काम सोडून द्यायचं नसतं. धोका कमी करता येतो. वेळ बदला, जागा बदला. एवढं मोठं आवार आहे तुमचं."

"आवारात गाड्या असतात," नामाशेठ म्हणाले आणि विषय संपला.

या सगळ्या काळात घरात एक माणूस असं होतं, ज्याला या हिशेबाचा काडीचा धाक नव्हता. चंद्राकाकी. नामाशेठच्या पत्नी. काकींचा आवाज खणखणीत, पण काट्यावरच्या गाड्यांपुढे तोही कमी पडायचा, म्हणून जेवायची वेळ झाली की त्या ओट्यावर येऊन स्टीलच्या ताटावर पळी बडवायच्या. ठण् ठण् ठण्. त्या आवाजाला नामाशेठ जागच्या जागी काटा थांबवायचे. मोठमोठे ट्रान्सपोर्टवाले तिथं ताटकळत उभे असत. "मालकीन का हॉर्न है," असं ड्रायव्हर एकमेकांना सांगायचे.

काकींनी तरुणपणी या जमिनीवर भात लावला होता. चिखलात वाकून वाकून त्यांचे गुडघे गेले. उजवा तर इतका, की ओट्याच्या पायऱ्या त्या बसत बसत उतरायच्या. डॉक्टरांनी, मग मोठ्या डॉक्टरांनी सांगितलं, गुडघा बदलून घ्या. आता औषधांनी भागणार नाही.

आणि नामाशेठनी हे ऑपरेशन काट्यावर घेतलं.

घेतलं ते घेतलंच. उतरवता येईना. ज्यांचे ज्यांचे गुडघे बदलले होते, त्या सगळ्यांना ते जाऊन भेटले. पडघ्याला एका बाईंना टुणटुणीत चालताना पाहून आले, तर लगेच "करून टाकू." दुसऱ्या दिवशी कुणाच्या तरी मावसभावाला जखम चिघळल्याचं ऐकलं, तर "नको बाबा." डॉक्टरांना त्यांनी इतके प्रश्न विचारले, की डॉक्टर त्यांची गाडी दिसली की मागच्या दारानं चहाला जायला लागले. मुलगा पुण्याहून फोनवर "बाबा, ठरवा," म्हणायचा. हे फोनवरच त्याला गाडी रिकामी आणि भरलेली समजावून सांगायचे. असे महिने गेले. काकी पायऱ्या बसत उतरत राहिल्या.

एकदा मी वैतागून म्हणालो, "नामाशेठ, एवढे ट्रक तोलता मिनिटात. याचं नेट का निघत नाही?"

त्यांनी लाल आकड्यांकडे बघितलं. वारा होता, रिकाम्या काट्यावरही आकडा चुळबुळत होता.

"काट्यावर गाडी हलत असली तं आकडा धरत न्हाय, मास्तर. आदी थांबायला लागते."

"मग कोण हलतंय?"

"मीच हलतंय," नामाशेठ म्हणाले.



शेवटी निकाल काकींनी लावला. एका दुपारी त्यांनी ताट बडवलं, नामाशेठ आले, तर पुढ्यात जेवण नाही. काकी पाय लांब करून बसलेल्या. "गुडगा माजा, धोका माजा. मी डॉक्टरला सगला इचारलाय. काय बिगडू शकतं ता त्यानं सांगितलाय, काय सुदरंल ता पन सांगितलाय. मला नातवामागं धावायचाय. तुमचा नेट निघंल तवर मी रांगत जाईन काय?" नामाशेठनी तोंड उघडलं. काकींनी पळी उचलली. नामाशेठनी तोंड मिटलं.

ऑपरेशन झालं, आणि छान झालं. आम्हा सगळ्यांना वाटलं, सुटलो.

पण खरी पंचाईत पुढेच होती. घरी व्यायाम करून घ्यायला एक मुलगी यायची, गोड बोलणारी पण कडक. तिनं पहिल्याच आठवड्यात बजावलं, "काकी, आत्ता चालायचं, आत्ता गुडघा वाकवायचा. हे दिवस हातचे गेले तर सांधा आखडेल. मग ऑपरेशन करून न केल्यासारखं." काकी मान हलवायच्या. ती मुलगी समोर असेपर्यंत दोन-चार पावलं टाकायच्या. तिची स्कूटी फाटकाबाहेर पडली, की पलंगावर. वॉकर कोपऱ्यात, त्यावर टॉवेल वाळत घातलेला.

ऑपरेशनला न घाबरलेली बाई चालायला घाबरली होती. एकदा मोरीच्या उंबऱ्यावर पाय घसरला होता. पडल्या नव्हत्या, पण धसका बसला. नामाशेठ पाठीमागे लागले, विनवण्या केल्या, चिडले. तेव्हा काकींनी शांतपणे त्यांचंच हत्यार त्यांच्यावर चालवलं.

"फायदा काय? ह्या खोलीतून त्या खोलीत जाईन. धोका काय? पडले तं परत टाके. सांगा बरं." काकींनी डोळे बारीक केले, अगदी त्यांच्यासारखे. "नेट काय ऱ्हायला?"

मी तिथंच होतो. मला हसू आलं आणि ते मी गिळलं, कारण नामाशेठचा चेहरा बघवत नव्हता.

त्यानंतरच्या रविवारी सकाळी आवारातून अशी बोंब उठली, की मी अर्धी दाढी तशीच ठेवून धावलो. नामाशेठ प्लॅटफॉर्मच्या मध्यावर उभे. केबिनवर लाल आकडे. शंभर.

"अगो, शंबर झाला! चंद्रे, शंबर!"

काकी वॉकरचा आधार घेत ओट्यावर आल्या. इतकी वर्षं ऐंशीवर खिळलेला काटा एकदम वीस किलोनं उडालेला बघून त्यांनी तोंडावर हात ठेवला.

नामाशेठ डोकं धरून खाली बसले. डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं, म्हणाले. आता रोज सकाळी चालायलाच हवं. पण एकट्यानं काही जमायचं नाही. "मी टपरीवर बसंन. मला मी ठाव हाय."

"मला पन ठाव हाय," काकी म्हणाल्या. थोडा वेळ त्या काट्याकडे, मग नवऱ्याकडे बघत राहिल्या. "उद्यापासून मी येतंय बरोबर. बगतंय कसं बसता टपरीवर."

आणि खरंच दुसऱ्या दिवसापासून हे जोडपं आवारात चालायला लागलं. ओट्यापासून काट्यापर्यंत आणि परत. पुढे वॉकर घेऊन काकी, मागे चोरासारखे नामाशेठ. काकींची जीभ पायांपेक्षा जोरात चालायची. "पाय उचला. बदकासारखे काय फेंगडता? हात हलवा. श्वास कोन घेनार, मी?" नामाशेठ निमूटपणे हात हलवायचे.

काही दिवसांनी माझ्या ध्यानात एक गंमत आली. आवारातले खड्डे खडी टाकून बुजवलेले होते. पहाटेच पाणी मारून धूळ बसवलेली असायची. ते कान तुटलेलं कुत्रं फाटकापलीकडे बिस्किटं खात बसलेलं असायचं. मोरीच्या उंबऱ्यापाशी रबरी पायपुसणं आलं होतं आणि भिंतीला धरायला दांडा. टेंपोवाल्यांना धूर काढत आत यायला बंदी. फाटकाबाहेर ट्रक रांगेत उभे, आणि नामाशेठ चालता चालताच त्यांना ओरडून सांगायचे, "रुको भाय! अभी काकी चल रही है!" ड्रायव्हर इंजिन बंद करून, फाटकाला हात टेकून हा सोहळा बघत. काकींनी वॉकर सोडून काठी घेतली त्या दिवशी त्यांच्यातल्या एकानं टाळ्यासुद्धा वाजवल्या.

डॉक्टरांना नामाशेठनी चालण्यातले जेवढे म्हणून धोके ऐकवले होते, त्यातला एकही त्यांनी शिल्लक ठेवला नव्हता. फक्त कढईतले वडे अजून नाक्यावर होते.

एका रविवारी मी जरा लवकर गेलो. दोघं अजून घरात होती. मी प्लॅटफॉर्मच्या कडेला टेकायला गेलो, तर कोपऱ्यात एक गोणपाट पडलेलं. पायानं सरकवावं म्हटलं, तर पाय दुखावला, गोणपाट हललं नाही. उघडून बघितलं. आत काटा तपासायचं लोखंडी वजन. वीस किलोचं.

माझ्या डोक्यात हळूहळू उजेड पडला. ऐंशी अधिक वीस.

नामाशेठ दारातून बाहेर पडले, मला तिथं वाकलेला बघून थबकले आणि मग भरभर माझ्याकडे आले. त्या वयातला, त्या पोटाचा माणूस इतक्या लगबगीनं चालताना मी प्रथमच पाहिला.

"झाका ता. झाका, मास्तर."

"नामाशेठ!" मी हळू आवाजात म्हणालो. "धर्म आधी लिहिलाय ना बोर्डावर?"

चेष्टा करायची म्हणून बोललो होतो. पण ते प्लॅटफॉर्मच्या कडेला बसले आणि त्यांनी बोर्डाकडे पाठ केली.

"एवडा एकच खोटा वजन केलाय आयुष्यात," ते म्हणाले. "सोतासाठी ती चालायची न्हाय. माज्यासाठी चालंल. ता मला ठाव व्हता. म्हनून..." त्यांनी गोणपाटाची घडी नीट केली. "ती हास्पिटलात व्हती ना, मास्तर, तवा मी काट्यावरच बसायचो. गाड्या येत व्हत्या, जात व्हत्या. एक दिवस एक ड्रायवर बोलला, शेठ, खाना नहीं खाया? बगितला तं ऊन उतरलेला. जेवायची वेल झाली ता मला कललाच न्हाय. ताट वाजला न्हाय ना."

त्यांनी बनियनच्या टोकानं नाक पुसलं. मीही इकडेतिकडे बघितलं. मला हा माणूस त्या क्षणी फार आवडला, आणि त्याला ते सांगायची सोय नव्हती, म्हणून मी गोणपाट पुन्हा कोपऱ्यात सरकवलं.

"कोनाला बोलू नका."

"मी भूगोल शिकवतो," मी म्हणालो. "वजनमापं माझ्याकडे नाहीत."

पुढे दिवस भराभर गेले. गुडघा वाकायला लागला. कडक मुलगी खूश झाली. काकी पायऱ्या उभ्यानं उतरायला लागल्या, काठी हातात नुसती शोभेला. नामाशेठचं मात्र शंभरच. दर रविवारी ते काट्यावर उभं राहायचे, हळहळायचे, आणि काकी म्हणायच्या, "अजून चालावा लागंल." बिचाऱ्यानं स्वतःच्या सापळ्यात स्वतःला बरंच चालवून घेतलं. बनियन पुन्हा कमरेपर्यंत यायला लागलं होतं, आणि तरी शंभर.

मग तो रविवार आला. काकी काठी न टेकता ओट्यापासून थेट काट्यापर्यंत आल्या. थांबल्या. प्लॅटफॉर्मवर पाऊल ठेवलं.

"आज माजा पन वजन करा."

नामाशेठ खुलले. "ये ये. मास्तर, तुमी केबिनमंदी जा, आकडा बगा."

मी केबिनमध्ये गेलो. काच सरकवली. काकी नामाशेठच्या शेजारी प्लॅटफॉर्मवर उभ्या राहिल्या, पदर सारखा केला आणि काठीचं टोक कोपऱ्याकडे केलं.

"आदी ता गोनपाट उतरवा. मंग तोला."

नामाशेठ जागच्या जागी थिजले. फाटकाबाहेर एक ट्रक येऊन थांबला.

"तुला... कवापासून ठाव हाय?"

"पैल्या दिवसापासून. गुडगा गेला व्हता माजा, डोले न्हाय. रात्रीत वीस किलो वाडतात काय मानसाचे? म्हसरू हाय काय?"

"मंग चाललीस कशाला?"

"इतक्या वर्सांत पैल्यांदाच खोटा वजन केलाय तुमी," काकी म्हणाल्या. "ता फुकट घालवू?"

नामाशेठ गुमान कोपऱ्यात गेले, वजन उचलून खाली मातीत ठेवलं आणि परत काकींच्या शेजारी येऊन उभे राहिले. त्यांचे कान लाल झाले होते. वातावरण जरा हलकं करावं म्हणून मी केबिनमधून त्यांचीच आरोळी ठोकली.

"उतरो काकी, उतरो! माल तोलना है, तेरे को नहीं!"

काकी हसत खरंच उतरायला निघाल्या. नामाशेठनी त्यांचा दंड धरला.

"उतरू नको. दोगांचा एकत्रच तोलायचा."

आकडे थोडे चुळबुळले. मग दोघंही हलायची थांबली आणि काट्यानं आकडा धरला. एकशे चाळीस.

काकींनी मान वर करून तो वाचला. मग डोळे बारीक केले. "बोला आता. नेट काय ऱ्हायला?"

नामाशेठनी त्या लाल आकड्याकडे बघितलं.

"नेट काढायचा तं गाडी एकदा रिकामी करावी लागते गो," ते म्हणाले. "ती मला न्हाय करायची."

फाटकाबाहेर ट्रकवाल्यानं हॉर्न दिला. नामाशेठनी दंड न सोडता दुसरा हात वर केला आणि त्याला थांबायला सांगितलं.